झारीत शुक्राचार्य हवेच

दिवाळी संपते न संपते तोच शहरातल्या खिडक्यांच्या ग्रिलमध्ये आणि गच्चीच्या कठड्यांवर श्रीखंडाचे रिकामे डबे ओळीनं मांडले जातात. डब्याच्या बुडाला तापवलेल्या खिळ्यानं पाडलेली भोकं, आत विकतची माती नाहीतर कोकोपीट आणि त्यात टोमॅटो, मिरची, वांगी, झेंडू यांचं बी. पाऊस सरलेला, ऊन अजून अंगावर न येणारं. रोपं करायला याहून चांगले दिवस नाहीत. टोमॅटो चार-पाच दिवसांत मान वर काढतो, मिरची आठवडाभर वाट बघायला लावते. घरातलं लहान पोर रोज सकाळी रोपं मोजतं. मग बाराव्या-पंधराव्या दिवशी एका सकाळी अर्धी रोपं आडवी झालेली दिसतात. पानं हिरवीच असतात, अगदी टवटवीत म्हणावीत अशी. फक्त मातीला लागून असलेला देठ काळपट, बारीक होऊन पिचलेला. "काल संध्याकाळीच तर पाणी घातलं होतं," घरातलं कुणीतरी म्हणतं. रोपं का गेली, याचं उत्तर त्या वाक्यातच असतं.

बळीनं दानाचं उदक सोडू नये म्हणून शुक्राचार्य झारीच्या तोटीत जाऊन बसले आणि वामनानं दर्भाची काडी खुपसून त्यांचा एक डोळा घालवला, ही कथा पाडव्याच्या निमित्तानं आपण दरवर्षी ऐकतो. तेव्हापासून कामात खोडा घालणाऱ्या माणसाला आपण त्यांचंच नाव देत आलो. रोपांच्या बाबतीत मात्र मी शुक्राचार्यांच्या पक्षाचा आहे. पहिल्या पंधरवड्यात झारीच्या तोटीत कुणीतरी ठाण मांडून बसलेलं असलंच पाहिजे. घरगुती बागेत रोपं उपासमारीनं किंवा तहानेनं फारशी मरत नाहीत. ती मरतात मायेनं.

याचं कारण बियाण्यातच आहे. टोमॅटोच्या एका ग्रॅममध्ये साधारण तीनशे बिया बसतात. इतक्या इवल्याशा दाण्यातही पहिल्या काही दिवसांचं अन्न भरलेलं असतं. जमिनीतून वर येणारी पहिली दोन पानं, म्हणजे बीजदलं, खऱ्या पानांसारखी दिसत नाहीत. ती लांबट, साधी, कातरे नसलेली असतात. ही पानं उरलासुरला साठा रोपाला पुरवतात आणि उजेड मिळताच स्वतःही थोडं अन्न तयार करू लागतात. त्यांच्या मधून पहिलं कातरलेलं खरं पान फुटेपर्यंत रोपाला बाहेरच्या खताची गरज जवळपास नसते. गरज असते ती ओल, ऊब, उजेड आणि हवा यांची. हवा मुळांना लागते, हे आपण विसरतो. मुळं श्वास घेतात. कोकोपीट किंवा मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते, ती त्यांच्या कामाची. त्या सगळ्या पोकळ्या पाण्यानं भरून टाकल्या की प्राणवायू मुळांपर्यंत पोचणं जवळजवळ थांबतं, कारण पाण्यातून तो हवेच्या मानानं सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. गुदमरलेलं मूळ पाणी ओढायचं बंद करतं. मग पानं माना टाकतात. ती बघून माणसाला वाटतं, बिचारं तहानलंय, आणि तो झारी उचलतो. भर पाण्यात उभं असलेलं रोप तहानलेल्या रोपासारखंच मान टाकतं, आणि घरच्या बागेतली बरीचशी मरणं या एका गैरसमजातून होतात.

हा गैरसमज ज्यांना परवडत नाही त्यांच्याकडे जायचं तर जुन्नर तालुक्यात जावं. नारायणगाव ही टोमॅटोची मोठी बाजारपेठ. जुलै २०२३ मध्ये किरकोळ बाजारात टोमॅटोनं शंभरी ओलांडली तेव्हा याच भागातल्या शेतकऱ्यांच्या बातम्या देशभर झळकल्या. त्याच्या पुढच्या-मागच्या वर्षांत रस्त्यावर ओतलेल्या टोमॅटोच्या बातम्या मात्र तितक्या झळकत नाहीत. पुणे-नाशिक रस्ता सोडून आत वळलं की शेताशेतांत पांढऱ्या-हिरव्या जाळीची शेडनेट दिसतात. कागदावर त्यांना रोपवाटिका म्हणतात, गावात सगळे नर्सरीच म्हणतात. पूर्वी शेतकरी घरच्याच बांधावर वाफा करून रोप टाकायचा. संकरित बियाणं आलं, ते ग्रॅमावर विकलं जाऊ लागलं, एकेक बी मोजून टाकायची वेळ आली, आणि रोप तयार करणं हा वेगळा धंदा झाला. एकराला सहा-सात हजार रोपं लागतात. शेतकरी बियाण्याची पुडी आणून देतो किंवा नुसती जात सांगून बुकिंग करतो आणि तीन-साडेतीन आठवड्यांनी टेम्पो घेऊन येतो. या मधल्या दिवसांत काय झालं, ते त्याला दिसत नाही.

काय होतं ते असं. काळ्या प्लास्टिकच्या प्रो-ट्रेमध्ये ९८ कप्पे असतात. कलिंगड किंवा पपईसारख्यांना मोठ्या कप्प्यांचे, ५० चे ट्रे. ९८ च्या ट्रेला सव्वा किलोच्या आसपास भिजवलेलं कोकोपीट लागतं. एकेका कप्प्यात जेमतेम दीड-दोन मोठे चमचे. बोटानं अर्धा सेंटिमीटर खड्डा, त्यात एक बी, वर पुन्हा कोकोपीट. भरलेले ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकच्या कागदानं गुंडाळून ठेवतात. आतल्या आत ऊब आणि ओल टिकते, त्यामुळे या काळात पाणी अजिबात द्यावं लागत नाही. टोमॅटो तिसऱ्या-चौथ्या दिवशी हलायला लागतो, मिरचीला आठवडा जातो. नेमक्या त्या दिवशी कागद सोडून ट्रे उजेडात मांडावे लागतात. एक दिवस उशीर झाला तरी रोपं अंधारात उजेड शोधत लांबुडकी होतात, आणि लांबुडकं झालेलं रोप नंतर कितीही खत घातलं तरी आखूड होत नाही.

उजेडात मांडलेल्या ट्रेंना पाणी मारायचं काम बहुतेक ठिकाणी बायकांकडे असतं. अशाच एका शेडनेटमध्ये सकाळी नऊच्या सुमाराला एक मावशी पाइप घेऊन चालत होत्या. पाइपच्या तोंडाला बारीक छिद्रांचा रोझ लावलेला. पाणी मारण्याआधी त्या प्रत्येक रांगेतला एखादा ट्रे एका कोपऱ्यातून चार बोटं वर उचलायच्या, परत ठेवायच्या. काही रांगांवर पाणी पडत होतं, काही रांगा तशाच सोडून त्या पुढे जात होत्या. कसं ठरवता, विचारलं.

"ट्रेच सांगतो की. हलका लागला का द्यायचं, जड लागला का पुढं जायचं."

"आणि ढगाळ असलं तर?"

"तर हातच लावायचा नाय. मालक वरडला तरी नाय."

मालक शेजारीच उभे होते. ते हसले, वादात पडले नाहीत.

रांगेच्या शेवटाला आल्यावर मावशींनी पाइप पुन्हा एकदा नुसत्या कडेच्या ट्रेंवरून फिरवला. कडेच्या कप्प्यांना दोन्ही अंगांनी वारा लागतो, ते मधल्यांच्या आधी सुकतात. सगळ्या ट्रेंना सारखं पाणी दिलं तर एकतर कडा वाळतात किंवा मधली रोपं कुजतात. हे ज्ञान कुठल्याही पिशवीवर छापलेलं नसतं. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात भाजीपाल्याचं गुणवत्ता केंद्र आहे, डच सहकार्यातून उभं राहिलेलं; तिथे रोपनिर्मितीचं सगळं तंत्र नीट बघायला मिळतं आणि ते बघावंच. पण ट्रे उचलून त्याचं वजन ओळखणारा हात तयार व्हायला काही हंगाम जावे लागतात.

मालकांनी एक कप्पा उघडून दाखवला. रोप ओढलं ते देठाला नाही, पानाला धरून, कारण पान दुसरं येतं, देठ दुसरा येत नाही. खालून बोटानं कप्पा दाबला तशी कोकोपीटची अख्खी घडी बाहेर आली. तिच्या चारही बाजूंना पांढरीशुभ्र मुळं, एकमेकांत गुंतलेली. दुसऱ्या एका ट्रेमधलं रोप वरून तेवढंच हिरवं होतं, पण घडी मोडून हातात आली आणि तळाशी मुळं तपकिरी, बोटानं दाबली तर साल सुटणारी. "हा ट्रे गटारीच्या बाजूला होता, खाली पाणी साचत होतं," ते म्हणाले. पांढरी मुळी चालली पाहिजे, हे वाक्य महाराष्ट्रात द्राक्षवाल्यापासून ऊसवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवारातून शेतकऱ्यांना जमिनीखाली काय चाललंय ते बघायची सवय लावली, तासगावच्या द्राक्षबागांनी ती उचलली. गच्चीवरच्या बागवाल्यांनीही ती उचलावी. रोपाची तब्येत पानावर दिसायच्या आधी मुळावर दिसते.

आता त्या आडव्या पडलेल्या रोपांकडे येऊ. याला मर रोग किंवा नुसतं 'रोपं कोलमडणं' म्हणतात. कारण बुरशीवर्गीय सूक्ष्मजीव: पिथियम, फायटोप्थोरा, रायझोक्टोनिया. ते मातीत, जुन्या कुंडीत, न धुतलेल्या ट्रेमध्ये कुठेही असू शकतात, आणि तिथे नुसते असून काही बिघडत नाही. बिघडतं ते पाणी साचल्यावर. पिथियमचे बीजाणू पाण्यात पोहतात. कणाकणांमध्ये पाण्याची सलग वाट तयार झाली की ते पोहत एका मुळावरून दुसऱ्यावर जातात. म्हणून मर एका कोपऱ्यात सुरू होते आणि वर्तुळानं पसरते. थंड, ढगाळ, दमट दिवसांत रोपाची वाढ मंदावते, पाणी उडत नाही, आणि या मंडळींना मोकळं रान मिळतं. संध्याकाळी पाणी घालू नये म्हणतात ते यासाठीच. रात्रभर पानं आणि वरचा थर ओला राहतो. सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत जेवढं लागायचं तेवढं वापरलं जातं, वरचा थर कोरडा होतो.

बियाण्याला पेरणीआधी थायरम किंवा कॅप्टान किलोला तीन ग्रॅम लावणं हा जुना सरकारी सल्ला, ट्रायकोडर्मा लावणं हा त्यानंतरचा. बाजारातलं रंगीत, लेप दिलेलं बी बहुधा औषध लावूनच येतं. ते पेरल्यावर हात धुवावेत, एवढंच. कोलमडायला सुरुवात झालेल्या ट्रेवर कॉपर ऑक्सिक्लोराइडची आळवणी करतात, पण पडलेलं रोप त्यानं उठत नाही. शेजारची वाचतात. घरच्या डब्यात मर दिसली की, मला विचाराल तर, औषध शोधत बसू नये. पडलेली रोपं आजूबाजूच्या मातीसकट चमच्यानं उचलून फेकावीत, डबा वाऱ्यावर ठेवावा आणि दोन दिवस झारीला शिवू नये.

नाशिककडे हीच गोष्ट एकरांच्या मापात घडते. कांद्याच्या बियाण्याला तिथे उळे म्हणतात. एक हेक्टर कांदा लावायचा तर पाच गुंठ्यांवर रोप टाकावं लागतं, आणि ते शेतात जायला सहा-सात आठवडे घेतं. उन्हाळ कांद्याचं उळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतं, म्हणजे नेमकं परतीच्या पावसाच्या तोंडाशी. सपाट वाफ्यात टाकलेलं रोप एका रात्रीच्या पावसानं पिवळं पडतं, पीळ धरतं, जमिनीशी बसतं. म्हणून गादीवाफा: मीटरभर रुंद, तीन मीटर लांब, जमिनीपासून १५ सेंटिमीटर उंच. ती वीतभर उंचीसुद्धा नाही, पण जास्तीचं पाणी वाफ्यांमधल्या सरीत उतरतं आणि मुळं वाफशावर राहतात. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस थांबलाच नाही. शेतातला कांदा सडला आणि पुढच्या कांद्याची रोपंही गेली. त्या डिसेंबरात शहरातल्या माणसानं शंभर रुपयांच्या पुढे किलो कांदा घेतला, सरकारला दोन शिव्या दिल्या. वाफ्यावर काय झालं होतं, ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही.

राहुरीचं कृषी विद्यापीठ असो की राजगुरुनगरचं कांदा-लसूण संशोधन संचालनालय, सगळे सांगतात गादीवाफाच करा, त्यावर ठिबक किंवा तुषार टाका. तरी सपाट वाफे दिसतात. गादीवाफा करायला माणसं लागतात आणि पेरणीच्या तोंडाला ती मिळत नाहीत, हे त्यामागचं साधं कारण. शेतकऱ्याला कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी त्या आठवड्यात एकदा मजूर शोधून बघावा.

या सगळ्याला एकच सणसणीत अपवाद आहे, भात. भाताच्या मुळांत आणि खोडात हवेच्या पोकळ्या असतात. पानांनी घेतलेला प्राणवायू त्यातून खाली उतरतो, म्हणून ते रोप चिखलात सुखानं उभं राहतं. कोकणात आणि मावळात भाताच्या रोपाचं खाणं तर पेरणीच्याही आधी मांडतात. शेण, पालापाचोळा, डहाळ्या, गवत यांचे थर देऊन उन्हाळ्यात रोपाची जागा भाजतात, तो राब. आचेनं तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतं, आणि पहिल्या पावसात तिथे पडलेलं भात जोमानं येतं. या राबापायी एकोणिसाव्या शतकात मोठा झगडा झाला. वनखात्यानं झाडांच्या फांद्या छाटायला मनाई केली, आणि १८८५ मध्ये मुंबई सरकारला ठाणे-कुलाबा जिल्ह्यांतल्या जंगलाच्या तक्रारींसाठी आयोग नेमावा लागला. भारतीय शेतीची पाहणी करायला आलेले जॉन ऑगस्टस व्होल्कर यांच्या १८९३ च्या अहवालातही राबाची दखल आहे. झाडं ओरबाडली जातात हे खरंच होतं, आजही आहे. पण रोपाच्या जागेची मशागत शेतापेक्षा जास्त जपून करायची, ही समज त्या शेतकऱ्याला कुणी शिकवावी लागली नव्हती.

खताचा विषय मुद्दामच मागे ठेवला, कारण लोक तो पुढे आणतात. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची ट्रेमधल्या रोपांसाठी शिफारस सोपी आहे: पेरणीनंतर बाराव्या आणि विसाव्या दिवसाच्या सुमाराला १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला तीन ग्रॅम. बस्स. बाराव्या दिवसाआधी काही नाही. ट्रेमधल्या निव्वळ कोकोपीटमध्ये खाण्यासारखं फारसं नसतं, म्हणून हे द्यावं लागतं. घरी कोकोपीटमध्ये गांडूळखत मिसळलेलं असेल तर तेवढंही नको. मी घरच्यांना लिटरला एक ग्रॅम सांगतो. चहाचा चमचा सपाट भरला तर अंदाजे पाच ग्रॅम, म्हणजे पाच लिटरच्या बादलीला एक चमचा. जास्त घातलं की मुळाबाहेरच्या पाण्यात क्षार मुळातल्यापेक्षा जास्त होतात आणि मूळ पाणी घेण्याऐवजी सोडायला लागतं. पानांची टोकं तपकिरी, करपल्यासारखी होतात. ती बघून पुन्हा खत घालणारे लोक आहेत.

पिवळेपणा वाचायला शिकलं तर पुष्कळ खत वाचेल. खालची, जुनी पानं पिवळी पडत वर चढत असतील तर नत्राची कमतरता. वरचं कोवळं पान पिवळं आणि त्याच्या शिरा हिरव्या असतील तर लोहाची, आणि तिथे बहुधा लोह कमी नसतं, पाणी अल्कधर्मी असल्यामुळे ते रोपाला घेता येत नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी असंच असतं; कुंडीच्या कडेला पांढरी कड धरते तिच्यावरून ते ओळखावं. सगळंच रोप पिवळट, मलूल असेल तर आधी बोट घालून ओल बघावी. नव्वद टक्के वगैरे आकडा मी देणार नाही, पण बोट ओलं बाहेर येण्याचीच शक्यता जास्त.

घरोघरी रोपांना जे काही पाजलं जातं त्याची यादी मोठी आहे. तांदळाचं धुवण, डाळीचं पाणी, दुधाच्या पातेल्याचं विसळवण, चहाचा चोथा, ताक. मोठ्या कडीपत्त्याला किंवा जास्वंदीला याचं काही होत नाही, ती पचवतात. दोन चमचे कोकोपीटमध्ये उभ्या असलेल्या रोपाला मात्र हे पिष्टमय पाणी म्हणजे बुरशीला आमंत्रण. वर बारीक काळी चिलटं घोंगावायला लागतात आणि त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. जीवामृताबद्दल वाद नको, पण गूळ आणि बेसन घातलेलं ते पाणीसुद्धा खरी पानं आल्यानंतर, भरपूर पातळ करूनच. शेणखत वापरायचं तर चांगलं कुजलेलं, वास न येणारं.

नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनची मात्र लोक उगीच धास्ती घेतात. नळाला येणाऱ्या पाण्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरिन शिल्लक असावं अशी अपेक्षा असते, एवढ्यानं रोपाचं काही बिघडत नाही. पाणी रात्रभर बादलीत ठेवण्याचा खरा फायदा एवढाच, की थंडीत ते खोलीच्या तापमानाला येतं. धास्ती घ्यायची तर आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याची घ्यावी. ते फेकवत नाही म्हणून पुष्कळ घरांत कुंड्यांना जातं. त्यात मूळ पाण्याच्या दीडपट-दुप्पट क्षार जमा झालेले असतात. लादी पुसायला ते उत्तम. स्वस्त कोकोपीटमध्येही मीठ असतं, कारण नारळाचं सोडण पुष्कळदा खाऱ्या पाण्यात कुजवलेलं असतं. वीट भिजवून फुगली की साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुवून, पिळून मगच भरावं. मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब गळावेत, धार लागू नये.

पाणी देण्याची घरच्या डब्यासाठी सगळ्यात बिनचूक पद्धत खालून देण्याची. डबा ताटलीतल्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, वरचा थर गडद झाला की उचलायचा, निथळायचा, ताटली रिकामी करायची. वरून झारीनं दिलं तर बी हलतं, देठाशी माती उडते. ताटलीत पाणी कायम ठेवलं तर मात्र सगळी मेहनत फुकट.

हेच प्रश्न जगात वेगळ्या रोपांपायीही विचारले जातात. कॅनडानं १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजाला कायदेशीर मान्यता दिली आणि बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडं लावायला मुभा मिळाली. जर्मनीनं १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला तीन झाडांची परवानगी दिली. तिथे बाल्कनीत आणि कपाटाएवढ्या तंबूत दिवे लावून पहिल्यांदाच काही पेरणाऱ्या लोकांची गाऱ्हाणी श्रीखंडाच्या डब्यातल्या टोमॅटोवाल्यांपेक्षा वेगळी नाहीत: मोठ्या कुंडीत इवलं रोप, रोजचं पाणी, पहिल्याच आठवड्यात बाटलीतलं खत, आणि मग पानांची टोकं करपली म्हणून आणखी एक बाटली. उपायही तोच, लहान भांडं आणि आखडता हात. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार परवान्याशिवाय हे झाड लावणं गुन्हा आहे, एका कुंडीतलंसुद्धा, तेव्हा आपण मिरचीवरच यावं.

मिरची ट्रेमध्ये ३५ ते ४० दिवस राहते, वांगं त्याच्या थोडं आधी निघतं, टोमॅटो आणि फ्लॉवर २१ ते २५ दिवसांत. निघण्याआधीच्या चार-पाच दिवसांत नर्सरीवाले पाणी कमी करतात, जाळी बाजूला सारून ऊन लागू देतात. देठ किंचित जांभळट, कडक होतो, पान जाड होतं. शहरातला माणूस नर्सरीत जाऊन सगळ्यात हिरवंगार, उंच, लुसलुशीत रोप निवडतो. शेतकरी ते बाजूला सारतो आणि बुटकं, गडद, देठाला जाड असलेलं घेतो. शेतात गेल्यावर पहिल्या आठवड्यातच कोण बरोबर होतं ते कळतं. गादीवाफ्यावरचं रोप उपटायचं असेल तर आदल्या दिवशी तेवढं पाणी मात्र भरपूर द्यावं, नाहीतर मुळं तुटून वाफ्यातच राहतात.

राज्य सरकारनं २०२०-२१ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावानं रोपवाटिका योजना आणली. शेडनेट, प्लास्टिक टनेल, क्रेट, फवारणी पंप यांचा निम्मा खर्च त्यातून मिळतो. चांगली योजना आहे. तालुक्यातालुक्यांत त्यातून शेडनेट उभी राहिली. जाळी रोपाला किडीपासून आणि उन्हापासून वाचवते, पाण्यापासून वाचवते ती सकाळी ट्रे उचलून बघणारी बाई. तिला मिळणारी हजेरी खुरपणीला जाणाऱ्या बाईपेक्षा वेगळी नसते. शेकडो एकरांचा हंगाम तिच्या मनगटाच्या अंदाजावर उभा असतो. नर्सरीवाल्यांनी बियाण्याच्या कंपन्यांशी, खताच्या दुकानदाराशी घासाघीस जरूर करावी, पण या हाताला शंभर-दीडशे रुपये जास्त देऊन तो टिकवून ठेवावा, असं माझं सरळ मत आहे. ज्यांनी असे हात सांभाळले त्यांच्याकडचे ट्रे कमी कोलमडतात, हे शेतकऱ्यांना नीट ठाऊक असतं. म्हणूनच ते जवळची नर्सरी सोडून वीस किलोमीटर लांबच्या नर्सरीत बुकिंग करतात.

तुम्ही या दिवाळीनंतर रोप विकत घेणार असाल तर नर्सरीत एक विनंती करा: ट्रेमधलं एक रोप काढून मुळं दाखवा. घडी अख्खी निघाली आणि मुळं पांढरी असली तर घ्या, तपकिरी असली तर कितीही हिरवं असलं तरी सोडा. दाखवायला कुणी का कू केलं, तर पुढची नर्सरी गाठा.